केबिनच्या काचांचा फिश टँक

३ तारीख, मंगळवार
ऑफिसने केबिन काढायला घेतल्या. यापुढे सगळे एकाच हॉलमध्ये, लांब टेबलांवर. बदल सगळ्यांसाठी आहे. पहिली माझी काढली हा योगायोग. नव्या पोराची अजून उभी आहे, तीही जाईल.

माझ्या सहा काचा भंगारात निघाल्या होत्या. टेम्पोत घालून घरी आणल्या. लेकीच्या दोन माशांसाठी टँक करणार. मासे सध्या आंघोळीच्या बादलीत राहतात आणि आम्ही मगाने नळाखाली आंघोळ उरकतो. बायकोला सांगितलं, ऑफिसचं रिनोव्हेशन चाललंय. हे खोटं नाही.

संकल्प: रविवारी मासे टँकमध्ये.

५ तारीख, गुरुवार
मेहुणा टपकला. हार्डवेअरचं दुकान आहे म्हणून स्वतःला इंजिनिअर समजतो. काचेवर टिचकी मारून म्हणाला, भावोजी, ही टफन्ड आहे, कापायला गेलात तर चुरा होईल. माझ्याकडे रेडिमेड टँक पडून आहे, रविवारी आणतो. बायको लगेच हो म्हणाली. दोघं बहीणभाऊ एकाच माळेचे मणी.

एका काचेवर 'विभागप्रमुख' अशी अक्षरं आहेत. ती त्याने मोठ्याने वाचली. त्याला वाचता येतं हे आम्हाला माहीत होतं.

त्याचा टँक या घरात येणार नाही.

६ तारीख, शुक्रवार
काच कापायला घेतली. चुरा झाला.

काचच खराब असणार. टकल्या साहेबाने माझ्या केबिनला हलका माल लावला होता, आज पुरावा मिळाला. सहाच्या पाच राहिल्या. टँकला पाचच लागतात, वरून तो उघडाच असतो. म्हणजे नुकसान शून्य. आता न कापता, आहेत तशाच वापरायच्या. उंची माझ्या छातीपर्यंत येईल. लेक म्हणाली, मासे बोटाएवढे आहेत. मासे वाढतात हे शाळेत शिकवत नाहीत वाटतं.

ऑफिसात तो नवा पोरगा सरळ माझ्या टेबलाशी आला आणि उभ्याउभ्या फाईल मागितली. पूर्वी टकल्यासुद्धा काचेवर बोट वाजवून 'आत येऊ का' म्हणायचा. आता वाजवायला काच नाही, हे मान्य. टेबल तर आहे.

७ तारीख, शनिवार
सिलिकॉन आणला. मेहुण्याचं दुकान टाळून, दोन बस बदलून. दुकानदार म्हणाला, सांधे आतून भरा, नाहीतर पाण्याच्या दाबाने सुटतील. मला माहीत होतं. तरी ऐकून घेतलं.

बायकोने विचारलं, रिनोव्हेशन झाल्यावर केबिनला कुठल्या काचा लावणार? मी म्हटलं, नवीन. तिने आणखी काही विचारलं नाही. संशयी स्वभाव.

८ तारीख, रविवार, सकाळ
एक काच तळाला, तीन उभ्या. चौथी आत उभं राहून ओढून घेतली, वरच्या कडांना टेप मारला, सगळे सांधे आतून भरले. एक बुडबुडा नाही. मेहुण्याने येऊन बघावंच.

रविवार, थोड्या वेळाने
मी आत आहे.

ट्यूबवर लिहिलंय, पूर्ण दिवस सुकू द्यावे, तोवर धक्का लावू नये. चढून बाहेर पडायचं तर धक्का लागणार. तेव्हा सुकेपर्यंत आत बसून लक्ष ठेवणं हाच शास्त्रीय मार्ग. हे आधीपासून ठरलेलंच होतं. डायरी खिशात होती.

रविवार, दुपार
मेहुणा टँक घेऊन आला. मला बघितलं, टँक खाली ठेवला, खुर्ची ओढून समोर बसला. मी कामात आहे हे कळावं म्हणून लिहितोय.

लेकीने माझ्या डोळ्यांदेखत मासे त्याच्या टँकमध्ये सोडले. गळत नाही. अजून तरी.

बायकोने त्याला दुकानात पिटाळलं आणि काचेजवळ येऊन खाली बसली. म्हणाली, “तुमची केबिन गेली, ते मला मंगळवारीच कळलं. रिनोव्हेशनच्या काचा कोणी घरी घेऊन येतं का? सांगायचं होतंत ना.”

ऑफिसात कोणीतरी फितूर आहे. पोरगाच असणार. मी म्हटलं, गेली नाही, काढली. ती तशीच बसून राहिली. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी सांधे तपासत बसलो.

रविवार, संध्याकाळ
पाठ धरली आहे. पायांना मुंग्या आल्यात. 'विभागप्रमुख' आतून उलटं दिसतं. इतकी वर्षं तसंच दिसत असणार, कधी लक्ष गेलं नाही.

लेक जेवणाचं ताट घेऊन आली. आईने काही शिकवलं होतं का, कोण जाणे. बाहेर थांबली, काचेवर बोट वाजवलं आणि विचारलं, “बाबा, आत येऊ का?”

मी पेन बंद केलं, कॉलर नीट केली आणि 'या' म्हणालो.

तेवढ्या टकटकीने टेप सुटला आणि चौथी काच बाहेर कलली. मेहुणा नेमका परत आला होता, त्याने ती झेलली आणि भिंतीला टेकवून ठेवली. लेक ताट घेऊन आत आली. मागोमाग मेहुणाही आला. न विचारता.