दुसऱ्या नळीवरचा बाण

मी, बन्सी कडूबा गोर्डे, वय वर्षे त्र्याहत्तर, मूळ गाव पाचोड, हल्ली राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, समुद्रसंशोधन जहाजावरचा निवृत्त तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, दडपण कोणाचे नाही. पत्नी द्वारकाबाई शेजारी बसली आहे, पण तिचे दडपण कायदा धरत नसावा.

१. राहते घर व बँकेतील ठेव द्वारकाबाईची. वर्षातले चार महिने मी पाण्यावर असायचो, संसार तिनेच ओढला. तिचे उपकार या कलमात मावत नाहीत.

२. पाचोडच्या शेतातला माझा हिस्सा थोरला भाऊ फकिरा यास. तीस वर्षे त्याने तो कसला आणि कधी बोलून दाखवले नाही. फक्त "गाळ बघाया समुद्रात कशाला जातो? आपल्या तळ्यात लई हाय," हे दर सणाला ऐकवले. त्याबद्दल माझी सर्व पुस्तकेही त्यालाच द्यावीत. दादा, तळ्यातला गाळ आपण उपसून शेतात टाकतो. समुद्राच्या तळाशी वीतभर गाळ साचायला दोनेक हजार वर्षे लागतात. मोसमी वारा जोराचा सुटला की खालचे गार पाणी वर येते, एका जातीचे सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांची खसखशीहून बारीक कवचे तळाशी बसतात. ती मोजली की त्या काळचा वारा कळतो.

३. माझे भिंग व जहाजावरची वही आमच्या जहाजावरच्या संशोधक कालिंदी धारूरकर यांना. सूक्ष्मदर्शकातून पाहायला मला बाईंनीच शिकवले. मॅट्रिक झालेल्या माणसाला त्यांनी कधी कमी लेखले नाही.

कारण लिहितो. १९८३ साली तळातून काढलेला गाळाचा स्तंभ आम्ही मीटर-मीटरच्या नळ्यांत कापला. प्रत्येक नळीवर बाण काढायचा, टोक वरच्या बाजूला, ही जहाजाची रीत. मी विहिरी खणणाऱ्या घरातला. आमच्याकडे खोलीची खूण टोक खाली करून काढतात. दुसऱ्या नळीवर हात घरच्या रीतीने चालला, आणि हजारो वर्षांचा वारा उलटा वाचला गेला. बाईंनी कवचे मोजून सांगितले, "ही नळी उलटी आहे." मोहिमेच्या प्रमुख साहेबांनी विचारताच मला माझा हात आठवला. पण मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो. म्हणालो, "नाय साहेब, बाण बरोबर हाय."

बाईंची मोजणी चुकीची ठरली, त्यांचा प्रबंध राहून गेला. तरी आजही त्या पत्रातून माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात. मला फार लाज वाटते.

माझ्या पश्चात ही कबुली जहाज चालवणाऱ्या संस्थेकडे पाठवावी, असे लिहून मी द्वारकाबाईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मेल्यावर कशाला? त्या बाई जित्या हायेत ना?"

"तोंड कसं दाखवू?"

"हाय तसंच दाखवा."

तेव्हा आज सकाळी कबुलीपत्र सहीनिशी संस्थेकडे टपालाने रवाना केले. वही आणि भिंग घेऊन मी गुरुवारी बाईंकडे स्वतः जात आहे. सबब कलम तीन रद्द समजावे.

बाकी वरीलप्रमाणे, वाचून, समजून सही केली.

बन्सी कडूबा गोर्डे

साक्षीदार: १. मधुसूदन देवगावकर २. सांडू पठाडे

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
दि. १२ ऑगस्ट २०२४