चार दिवस म्हणून सोडलेला नातू

आई, तुला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी माझा तुझ्यावर राग आहे. त्या दिवशी तू मला "नाही" असं का म्हणाली नाहीस?

माझा मुलगा पुण्याहून सांगलीला परत आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. पाच वर्षं स्पर्धा परीक्षांत घातली आणि शेवटी मुलाखतीत बाद झाला. दिवसभर खोलीचं दार लावून बसायचा. जेवायला हाक मारली तर अंगावर यायचा. सहा महिने मी सोसलं आणि उन्हाळ्यातल्या एका रविवारी त्याला एसटीत बसवून शिराळ्याला तुझ्याकडे आणून सोडलं. म्हणाले, "चार दिवस हवापालट होईल." तू माझ्याकडे बघितलंस आणि त्याची बॅग आत नेलीस.

चार दिवसांचे नऊ महिने झाले. लोक विचारतील म्हणून तू भजनाला जायची बंद झालीस, शेजारणींत बसेनाशी झालीस. त्याच्या खोलीबाहेर लसूण सोलत बसायचीस. आत जरा काही वाजलं की हात थांबायचा. मी महिन्यातून एकदा यायचे. असंच एकदा तू चुलीपाशी शेंगदाणे भाजत बसली आहेस, चोळी दंडात ढगळ झालेली. मी म्हणते, "एवढं मनाला कशाला लावून घेतेस? त्या परीक्षेतलं तुला काय कळतं?"

तू उलथनं खाली ठेवतेस. "परीक्षेतलं न्हाई कळत, बाई. काल त्यानं इचारलं, आजी, मी नसतो तर तुमचं काय अडलं असतं? ह्यावर काय बोलायचं ते तरी सांग. तू शिकलेली हाईस."

मी म्हणते, "दाणे करपतायत."

त्या थंडीत तू गेलीस. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब. तुझ्या गोळ्यांची पाकिटं तशीच भरलेली सापडली. फोनवर मी रोज विचारायचे ते तो जेवला का, एवढंच.

तुझ्यामागं तीन महिन्यांनी तो उठला, कामाला लागला. आता पाचगणीत एका निवासी शाळेत इतिहास शिकवतो. मुलांचा फार लाडका आहे म्हणे. मागच्या महिन्यात जेवताना बायकोला हसत सांगत होता, "आजीकडं आठ-नऊ महिने मस्त आराम केला मी. तिला काय, नातू घरात असला की झालं." मी त्याच्या ताटात भाकरी वाढली. त्याला काय सांगणार? सांगायला लागले असते तर ते सगळं माझ्यापाशीच येऊन थांबलं असतं.

त्या रविवारी त्याला तुझ्याकडे सोडून मी शिराळ्याच्या स्टँडवर आले. गाडीला वेळ होता. रसवंतीत बसून उसाचा रस प्यायले, एक संपल्यावर दुसरा मागवला. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.