देवीचा नारळ, हन्नबीचा मलिदा

रवि., १ फेब्रु. १९८७
लेआ उठून बसली. पेज मागितली. डॉ. म्हणाले, टायफॉइड उतरला. मी मोरीत जाऊन रडून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "एलियाहू हन्नबीला मलिदा बोलले होते, शनिवारी शब्बाथ सुटला की करू." मी मान हलवली. आमच्यात अडल्यानडल्याला नवस ह्या एलियाहू संदेष्ट्यालाच. मी काय बोलले होते, ते त्यांना कुठे माहीत.

मंगळ., ३
शेजारची सखूबाई (शेलार गावची) दारात. "बाय, पोर बरी झाली ना? आता वज्रेश्वरीला खण-नारळ. इसरू नको."
विसरते कशाला. लेआ तापात बरळत होती तेव्हा सखूबाईच्या ओट्यावर उभी राहून नवस मीच बोलले. कोणी जबरदस्ती केली नाही. बेने इस्राएल ज्यूंची सून, मूर्तीपुढे हात जोडायची नाही, आणि मी... खण-नारळ आणून तांदळाच्या डब्यात लपवला. ह्यांची लूमवर डे शिफ्ट असेल तेव्हा बसने जाऊन येईन.

रवि., ८
काल. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद, आमचे हे मात्र शब्बाथ पाळून शनिवारी घरी. शेठ समजून घेतो. दुपारी ह्यांनी मोठ्यानं धर्मग्रंथातला होशेय संदेष्टा वाचला. बायको परक्यांच्या मागे जाते, धान्य-तेल त्यांनीच दिलं म्हणते, देणारा नवरा घरातच. बायको म्हणजे देवाला सोडून दुसऱ्या देवांमागे गेलेले आमचे लोक. ह्यांचा आवाज नेहमीचाच, पण मला वाटलं माझं नाव घेऊन वाचतायत. रागही आला. पोर तापानं फणफणत होती. डॉक्टर, हन्नबी, देवी, जे दार दिसलं ते ठोठावलं. ह्याला बाहेरख्यालीपणा म्हणायचं? तरी बोचतंय.
संध्याकाळी शब्बाथ सुटल्यावर मी मलिद्याचे पोहे भिजवत होते. वळून बघते तर सासूबाई नारळ खवतायत. "बाजारातला नासका निघाला गं. तांदळात हा मिळाला, बरं झालं ठेवलास."
मी पोह्यांची चाळणी पुढे सरकवली. ह्यांनी प्रार्थना म्हटली. लेआनं मलिदा पुन्हा मागून घेतला. मीही खाल्ला. गोड होता.

मंगळ., १०
सखूबाईला सांगितलं. आधी हसली, मग म्हणाली, "दुसरा नारळ ने. देवी रागवायची न्हाय. पन ने."
हन्नबी रागावले असतील का, ते कोणाला विचारू? खण डब्यात तसाच आहे. लेआच्या कपाळाला सारखा हात लावून बघते. चिडते ती.

गुरु., १२
जेवताना ह्यांना सगळं सांगून टाकलं. नवस, नारळ, मलिदा. सासूबाई आत झोपल्या होत्या. वाटलं ओरडतील, पुन्हा होशेय काढतील. ह्यांचा हात ताटातच राहिला. मग लेआकडे बघून, हळूच, "ताप उतरायला कधी लागला? तू देवीला बोललीस त्याच्या आधी, की नंतर?"
म्हटलं, आठवत नाही.
आठवतं. नवस बोलले त्याच रात्री.