शुक्रवारची पाळी

३ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा तो फॉर्म! 'गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा एकटं वाटलं?' शून्य ते तीन. नऊ प्रश्न, माझी नऊ शून्यं. कंपनीत चारशे माणसं, फॉर्म दर महिन्याला फक्त मला. चाकाच्या खुर्चीतल्या बाईचं मन वेळेवर तपासलेलं बरं, भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्यासारखं.

फॉर्म न्यायला कल्याण अधिकारी स्वतः आल्या. आम्ही त्यांना कल्याणबाई म्हणतो, अर्थात मागे. 'सगळी शून्यं? वा! किती पॉझिटिव्ह!' माझ्या मापनकक्षात एखादं गेज काहीही ठेवलं तरी शून्यच दाखवू लागलं, तर मी ते दुरुस्तीच्या कपाटात टाकते. हे त्यांना सांगितलं नाही.

मग खरं काम निघालं. आमचा टर्नर – प्रेसखाली उजव्या हाताची चार बोटं गेली तो – पाच महिने घराबाहेर पडलेला नाही. कुणाशी बोलत नाही. 'तुम्ही दर शुक्रवारी जाऊन बसाल का त्याच्याजवळ? तुमचं तुम्हालाच कळतं ना.'

तुमचं तुम्हाला! म्हणजे माझे पाय आणि त्याची बोटं यांची आतून काही सोयरीक असावी. पण कंपनीची गाडी मिळणार, तासभर लवकर सुटायला मिळणार. हो म्हटलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

टर्नरच्या घराला तीन पायऱ्या. ड्रायव्हर आणि शेजारचा एक जण, दोघांनी मिळून मला खुर्चीसकट उचललं. 'तिरकं घ्या, तिरकं! दाराला लागेल.' सोफा नेतात तसं.

दार त्याच्या बहिणीने उघडलं. तो खिडकीशी बसलेला. उजवा हात घडी घातलेल्या वर्तमानपत्राखाली. टीव्ही चालू, आवाज बंद.

'कंपनीने पाठवलं तुम्हाला?' त्याने विचारलं.

'छे. इकडून जात होते, सहज आले.'

सहज! दोन पुरुषांनी उचलून.

चाळीस मिनिटं बसले. एकूण वाक्यं अकरा, त्यातली सात बहिणीची.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

कॅन्टीन वरच्या मजल्यावर. लिफ्ट 'मंजूर' आहे – गेली तीन वर्षं. म्हणून दुपारी कुणी ना कुणी दोन ताटं घेऊन खाली माझ्या खोलीत येतं. सोमवारी स्टोअरवाले काका आले. फोन बघत जेवले, जाताना 'चला' म्हणाले. काल शिकाऊ इंजिनिअर. 'तुम्हाला बघून मला फार प्रेरणा मिळते.' मी तेव्हा टेबलाखाली पडलेला स्क्रू शोधत होते. आज हिशेब विभागातल्या बाई, सोबत त्यांच्या सासूबाईंचा गुडघा. एक्स-रेसकट.

फक्त पॅकिंगवाली येते तो दिवस जेवणासारखा जातो. परवा हसता हसता तिला ठसका लागला. मी साहेबांच्या शिंकेची नक्कल केली होती. मी नकला करते हे कंपनीत तिच्याशिवाय कुणाला माहीत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मी आत शिरताच टर्नर म्हणाला, 'डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय.'

'माहीत आहे.'

माहीत नव्हतं! मायक्रॉनमध्ये मोजणारी मी, आणि स्वतःच्या बुडाखालचं बेअरिंग दुसऱ्याने सांगावं!

'बदलून घ्या. एक दिवस जाम होईल आणि रस्त्यातच बसाल.'

'मी तशीही बसलेलीच असते.'

हसला. अर्धा सेकंद, फार तर. वर्तमानपत्र मात्र हाताखालून – म्हणजे हातावरून – हललं नाही. पुढचा अर्धा तास बेअरिंगवर. आजची वाक्यं मोजायची राहिली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

कल्याणबाईंनी एक कागद छापायला दिला आणि चुकून माझ्या खोलीतला प्रिंटर निवडला. शीर्षक – 'सोबत'. खाली तक्ता.

मापनकक्ष (जेवण). सोम – स्टोअर. मंगळ – पॅकिंग. बुध – शिकाऊ. गुरु – हिशेब.

तीनदा वाचलं. मंगळ – पॅकिंग.

त्याखाली दुसरा तक्ता, एकाच ओळीचा. टर्नर (घरी). शुक्र – मापनकक्ष.

फारच नीटनेटकं काम! एकाच पानात दोन अपंग, आणि एक अपंग दोन्ही तक्त्यांत.

आईला फोनवर सांगितलं. 'लोक किती करतात गं तुझ्यासाठी!' फोन ठेवला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दारावर पाटी लावली. 'मोजणी चालू. प्रवेश बंद.' खोटं म्हणता येणार नाही. खोली वीस अंशांवर ठेवावी लागते, माणसाच्या अंगाची ऊब मापाला चालत नाही. गुडघा परत गेला. एकटी जेवले. शांतता उत्तम होती.

एकवीस मिनिटं लागली. एरवी चाळीस लागतात.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

टर्नरकडे गेले नाही. त्याच्या बहिणीला निरोप पाठवला, काम आहे. त्याचीही माझ्यासारखी फसवणूक कशाला? मी गेले नाही तर निदान एक माणूस तरी पाळीतून सुटला.

या युक्तिवादावर मी दिवसभर खूष होते.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी त्याच्या बहिणीचा फोन.

'अहो, तब्येत बरी आहे ना? नाही, तसं काही नाही हो... तो शुक्रवारी दाढी करतो. आठवड्यातून तेवढीच. डाव्या हाताने, तास लागतो. काल दोनदा कापून घेतलं. तुमचा निरोप मी सांगितला, तरी सहापर्यंत दाराशीच बसलेला. का, तर म्हणे वारा तिथे लागतो.'

म्हटलं, 'ताई, मला कंपनीने पाठवलं होतं.'

'ते माहितीये हो त्याला. तुमच्या कल्याण अधिकारी बाईंचा आधीच फोन आला होता.'

म्हणजे पहिल्या दिवशी मी 'सहज आले' म्हणाले, ते त्याने मुकाट ऐकून घेतलं. आणि पुढच्या शुक्रवारी दाढी केली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पॅकिंगवाली पाटी ढकलून आत आली.

'पाटी वाचता येत नाही?'

'वाचली. आज माझा मंगळवार आहे. सरक.'

तिच्या ताटाशेजारी तो कागद ठेवला. तिने एक नजर टाकली आणि घास घेतला.

'हो मग? पाळीच होती. पहिले दोन मंगळवार मी घड्याळ बघत जेवले. तू तर तोंडाला कुलूप लावूनच बसायचीस. मग तू साहेबांसारखी शिंकलीस. त्यानंतर पाळी कुणाच्या लक्षात आहे?'

'लक्षात नाही, तर मंगळवारीच कशी येतेस?'

आता तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ताट बाजूला सारलं.

'आणि तू गं? आठ महिने येतेय मी. कधी म्हणालीस, उद्या पण ये? एकदा तरी? तोंड उघडून?'

ती गेल्यावर ही वही पहिल्या पानापासून तपासली. एकदाही नाही. फॉर्मवरच्या नऊ शून्यांपेक्षा हे शून्य खरं.

तिला निरोप पाठवला – 'उद्या पण ये.' पाठवायला अकरा मिनिटं लागली. तिचं उत्तर आलं – 'शिंकणार असशील तर.'

२५ फेब्रुवारी, बुधवार

ती आली. शिंकले.

गाडी फक्त शुक्रवारची. सुटल्यावर स्वतः निघाले. १.४ किलोमीटर, एकतीस मिनिटं, डावं बेअरिंग रस्ताभर किंचाळत. तीन पायऱ्यांपाशी थांबले. उचलायला कुणी नाही, बहीण कामावर. हाक मारायच्या आधीच दार उघडलं.

त्याने उघडलं. उजव्या हाताने. दाढी वाढलेली.

'आज बुधवार आहे,' म्हणाला.

'माहीत आहे,' म्हटलं.