डाव्या फुटरेस्टातली थरथर

मु. पो. निर्णा

राममामा, शिवप्रसादचा वाकून नमस्कार. तुमची कंबर आता कितपत वाकते? मामींचा दमा उतरला का? इकडं सगळे बरे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे मैलूरच्या वळणापुढं तुमच्या मोटारसायकलीच्या डाव्या फुटरेस्टातून पहिल्यांदा थरथर निघाली, त्या क्षणापासून मी पहिल्यासारखा राहिलेलो न्हाई. (फोनवरच सांगितलं असतं, पण माझं नाव दिसलं की तुम्ही उचलत न्हाई. मागं मी रागात जे बोललो ते विसरा. मीबी विसरलोय.)

गाडी तुम्ही लडाखला जाईन म्हणून घेतलीत आणि उदगीरच्या वेशीवरून कंबर धरून परत आलात. मग इंजिन थंड पडू नये म्हणून माझ्याकडं दिलीत. ते मी मनापासून तापवायलोय. पन्नासच्या खाली ती तुपासारखी चालते. पन्नास ओलांडले की डाव्या तळव्याला मुंग्या येतात, मग गुडघा, मग मांडी, मग थेट दात. आणि समोरचा रस्ता, दोन्ही बाजूंची तूर, पुढून येणारी बस, सगळं एका तालात हलायला लागतं. भ्यायला पाहिजे होतं. मला मात्र देवळातल्या मोठ्या घंटेखाली उभं असल्यासारखं वाटलं, आवाज संपल्यावरबी ती छातीत राहते तसं. (कॉलेजात कंपनांवर एक धडा होता म्हणे. तो यायच्या आधीच माझं सरांशी वाजलं आणि मी वर्गातून निघालो तो निघालोच. धडा मला रस्त्यात भेटला.) आधी तर मला वाटलं, हे नागरत्नामुळं होतंय, कारण ते वळण तिच्या घरापुढचंच.

नागरत्ना कोण, हे आईनं रडून सांगितलंच असेल. बीदरजवळ मैलूरला राहते, नर्सिंग शिकते, वडील न्हाईत. आई मल्लम्मा अक्का कायम दारात. मी दिसलो की तिचा एकच सवाल, "कामून फिरायलास रे, कालेज बुडवून?" त्यांचं घर लिंगायत, आपलं मराठा, त्यात मी शिक्षण टाकलेला, त्यात माझं डोकं असं. हाकलायला यातलं एक कारण पुरलं असतं, ती सगळी वापरायची.

तर एक दिवस अक्काची कमठाण्याची बस चुकली. तिथं तिची बहीण असते. रिक्षावाल्यानं भाडं जास्त सांगितलं म्हणून तिच्या वतीनं मीच त्याच्याशी भांडलो, तो तोंड फिरवून गेला, आणि न्यायला मीच उरलो. सीट पुसली ती मायलेकींपैकी धाकटीच्या आशेनं. बसली थोरली. एका अंगानं, इरकल सावरत, दोन्ही पाय डाव्या फुटरेस्टावर. गावाबाहेर पडेपर्यंत माझ्या सात पिढ्या काढत होती. काटा पन्नासच्या पुढं गेला आणि मागचा आवाज बंद. मला वाटलं, पडली. तेवढ्यात माझा खांदा घट्ट धरून म्हणाली, "थांबू नको. पाय कळायलेत मला."

मामा, तिला साखर आहे. कैक वर्षांपासून तळव्यांना काही लागत न्हाई. चप्पल वाटेत राहिली तरी पत्ता नसतो. एकदा निखाऱ्यावर पाय पडला तो वासावरून समजला. ते पाय तुमच्या गाडीनं जागे केले. कमठाण्याला उतरून ती कट्ट्यावर बसली आणि आपल्याच पायांकडं बघत राहिली, माहेरचं माणूस फार दिवसांनी आल्यासारखी. मी भूक, राग, नागरत्ना, सगळं विसरून नुसता उभा.

तेव्हापासून रोजची फेरी. गेलो मुलीसाठी, मागं आई बसायली. कमठाण्याचे लोक मला अक्काचा ड्रायव्हर म्हणतात. नागरत्ना दारातून हसते, गाडीवर बसायचा तिचा नंबर काही लागत न्हाई. पण त्या दारात मला आता पाणी मिळतंय, कधी भाकरीबी.

आणि आता ईरण्णा मेस्त्री म्हणतोय, इंजिन धरणारा बोल्ट चिरलाय, तुटला तर दोघंबी रस्त्यावर पसराल. मी विचारलं, थरथर तेवढी ठेवून बोल्ट बदलता येईल का? तो म्हणाला, थरथर म्हणजेच तो बोल्ट. मी पाना आपटला. त्यानं तो उचलून माझ्या हातात दिला नि म्हणाला, "आणखी एकदा आपट, मग बोलू."

नागरत्नाला सांगितलं. ती म्हणाली, तळवा जागा झालेला न्हाई, वरचं हाड हलत असेल, अव्वाला पाय वाटतोय. (आईला ती अव्वा म्हणते.)

"मग सांगायचं का तिला?"

"आधी बोल्ट बदल. सांगायचं ते तू सांग."

"मग मला दारात उभं करेल का ती?"

"ते मला काय इचारायलास?"

तुमचा (आणि मामींचा जरा जास्त)
शिवप्रसाद

ता. क. मुख्य काम राहिलंच. सोमवारी मामींना घेऊन बीदरला या आणि अक्काकडं माझ्यासाठी शब्द टाका. असल्या कामाला मामाच लागतो. कंबरेचं सांगू नका, बसमध्ये पुढची सीट धरायला मी उदगीरला येतो.

ता. क. आणखी. पाकीट बंद केलं नव्हतं ते बरं झालं. बोल्ट बदलला. आज अक्काला नेऊन आणलं. पन्नास झाले, साठ झाले. गाडी गप्प, अक्काबी गप्प. घरी आल्यावर आत जाऊन सांगून टाकलं, की ती थरथर म्हणजे चिरलेला बोल्ट होता, आता यायची न्हाई. ती खाटेवर बसून तळवे चोळत होती. म्हणाली, "आन् तू रोज दारात यायलास, तेबी बिघाडच का?"

मी, जो कुणालाबी उलटा बोलतो, "न्हाई अक्का" एवढंच म्हणालो.

अक्का म्हणाली, "मग उद्या येताना निर्ण्याचं दूध आण. हितलं पातळ असतंय."

मी उठलो. एरवी ती माझ्या मागोमाग दारापर्यंत येते आणि मी गेलो याची खात्री करून स्वतः कडी लावते. आज जागची हलली न्हाई. आतूनच म्हणाली, "जाताना दार ओढून घे." परक्याला कुणी असं सांगतंय का, मामा? मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.