उतार पाहिल्याची तारीख

प्रिय लायल,

तीन आठवडे तुझे फोन घेतले नाहीत. तू दारात ठेवून गेलेलं सूप मिळालं, भांडं धुऊन ठेवलं आहे. नोरीनला जाऊन सोळा महिने झाले. हॅलक नाल्यावरचा उतार तिच्या गाडीवर कोसळला तो कुणाच्या चुकीने, एवढं मला कुणाकडून तरी सरळ ऐकायचं होतं. ते कोणी सांगत नाही.

झाडं तोडू दिल्यामुळे उतार कोसळला, ही नाल्याकाठच्या लोकांची तक्रार आपल्या फॉरेस्टरांच्या संस्थेने फेटाळली, हे तुला माझ्याआधी कळलं असेल. मी निकाल मागवून वाचला. चार पानं. त्यांचं म्हणणं, बर्फ एकदम वितळलं, पाऊस फार झाला. फॉरेस्टरने जागेवर जाऊन उतार पाहिला होता, झाडं तोडायला हरकत नाही असं त्याचं मत होतं आणि मत चुकणं हा गुन्हा नव्हे. मी संस्थेच्या ऑफिसला फोन केला. तिथल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "मिस्टर कोलास्निक, तुम्ही स्वतः फॉरेस्टर आहात, तुम्हाला प्रक्रिया ठाऊकच आहे." ठाऊक आहे. पगार लाकूडतोड कंपनी देते, पण अहवालावर शिक्का मारायचा तो डोंगराखाली राहणाऱ्यांसाठी, असं नव्या पोरांना मीच तीस वर्षं सांगत आलो. फोन ठेवल्यावर मला माझ्या त्या वाक्याचीच चीड आली.

पोस्टात डोरिस भेटली. तिचं घर नाल्यापासून दोनशे पावलांवर. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमचीच संस्था, तुमचेच पंच. तुम्ही एकमेकांना सांभाळणारच की, वॉरन!" मग माझी बायकोच त्या उताराखाली गेली, हे तिला आठवलं असावं. ओशाळून तिने माझा हात धरला. मी टपाल घेऊन बाहेर आलो.

निकालाला तुझा अहवाल जोडलेला होता. खाली तुझा शिक्का, तुझी सही आणि उतार पाहिल्याची तारीख. नोरीन जाण्याआधीच्या ऑक्टोबरचा दुसरा सोमवार. आपल्या इकडच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाचा दिवस, लायल. त्या दिवशी तू सकाळी नऊला आमच्याकडे आलास. माझ्याबरोबर लाकडं फोडलीस. नोरीनने तुला बटाटे सोलायला बसवलं आणि म्हणाली, "अरे, केवढी जाड सालं काढतोस! कंपनीची झाडंपण अशीच सोलतोस का?" तू म्हणालास, "जास्त बोललीस तर सगळी टर्की मी एकटा संपवीन." जेवून, आवरून, अंधार पडल्यावर तू गेलास. त्या उतारावर चढायलाच अर्धा दिवस लागतो. तू चढला नव्हतास. निकाल देणाऱ्या समितीला हे कळायला मार्ग नव्हता. त्या दिवशी जेवायला बसलेल्यांपैकी आपण दोघंच आता उरलो आहोत.

तू तिच्या शवपेटीला खांदा दिलास, तेव्हा हे तुझ्या मनात होतं का, असं विचारणार होतो. नाही विचारत. त्या दिवशी लाकडं फोडताना तू मला म्हणाला होतास, "बर्फ पडायच्या आत कंपनीला कागद हवेत, आणि मला वर जायला वेळ झालेला नाही." मी कुऱ्हाड खालीसुद्धा ठेवली नाही. म्हटलं, "तो उतार तुझ्या पायाखालचा आहे. मार शिक्का आणि मोकळा हो." हे मी कुणालाच सांगितलं नाही. नोरीनलाही नाही.

सहकाऱ्याविरुद्ध तक्रार करायची तर आधी त्याला कळवायचं, असा आपला नियम आहे. म्हणून हे पत्र. माझी तक्रार सोमवारी जाईल. तुझा परवाना जाईल, त्याचं मला वाईट वाटतं, पण मी थांबणार नाही. फॉर्मवर दोषी फॉरेस्टरच्या नावासाठी एकच ओळ होती. तिच्यावर तुझं नाव लिहिलं. मग पट्टी घेऊन खाली आणखी एक ओळ आखली आणि तिच्यावर माझं लिहिलं.

अजूनही तुझाच,
वॉरन