काकाच्या यादीतली पिस्तुलं

पप्पा, आज चर्चच्या मंडळीत पुन्हा तोच प्रकार झाला. कुणाच्या तरी गावी भरवस्तीत गोळीबार झाला, भाजी घेऊन घरी निघालेली एक बाई गेली, आणि आपल्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी डोळे मिटून म्हटलं, प्रभो, तुझी इच्छा. मी आमेन म्हटलं नाही. पन्नाशीला टेकलेली बाई ओठ घट्ट मिटून बसली म्हणून शेजारणीने मला कोपराने ढोसलं, तरी नाही. ही सवय तुमच्यासमोरच लागली, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, पण आपलं भांडण काही मिटलेलं नाही.

काका गेला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. तुमचा धाकटा भाऊ, मुंबईतल्या आपल्या जुन्या गल्लीत संडे स्कूल चालवणारा, मुंगीलाही न दुखावणारा माणूस. दोन टोळ्यांच्या वैरात कुणा तिसऱ्यासाठी झाडलेली गोळी चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या काकाला लागली. तुमचा पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकलेला, त्यामुळे दफनालाही तुम्हाला जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, दुबईतला सुट्टीचा वार. अल मनखूलच्या आपल्या फ्लॅटमध्ये नेहमीसारखी प्रार्थनासभा भरली, दाराबाहेर चपलांचा ढीग, आणि तुम्ही उभे राहून म्हणालात, प्रभो, तुझी इच्छा पूर्ण झाली. माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "ही त्याची इच्छा नव्हती, पप्पा. कुणीतरी पिस्तूल चालवलं." सगळ्यांचे डोळे उघडले. नंतर स्वयंपाकघरात मम्मी पुलावाचं झाकण हातात धरून तशीच उभी राहिली आणि तुम्ही मला म्हणालात, "चारचौघांत बापाला शास्त्र शिकवतेस? जीभ फार लांब झालीय तुझी." झाली होती. अजून आहे.

मग आली ती यादी. म्हणजे आली होती आधीच, काका जाण्याच्या पंधरा दिवस आधी. आपला खेळण्यांचा घाऊक धंदा, त्यामुळे दर नाताळला आपण त्याच्या संडे स्कूलला एक खोका पाठवायचो, आणि काका प्रत्येक मुलाला विचारून नाव, वय आणि हवं ते खेळणं असं लिहून पाठवायचा. त्या वर्षी अकरा नावांपुढे त्याच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, पिस्तूल. जबल अलीच्या गोदामात तुम्ही स्वतः अकरा पिस्तुलं काढून माझ्यापुढे ठेवलीत. घोडा दाबला की लाल दिवा लागायचा आणि ठो ठो आवाज यायचा. मी म्हटलं, "नो, पप्पा. आय वोन्ट पॅक दीज. तिथे नाही."

"अगं, प्लास्टिकचं खेळणं आहे ते."

"काका कशाने गेला?"

तुमचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "माझ्या भावाच्या हातची शेवटची यादी आहे ही. त्यातलं एक अक्षर बदलायचं नाही. यल्ला, चल, टेप लाव आणि खलास कर." पुढे गिऱ्हाईक आलं होतं, तुम्ही गेलात. मी पिस्तुलं बाजूला सारली, त्यांच्या जागी फुटबॉल आणि माउथऑर्गन कागदात गुंडाळले, वर नावं लिहिली आणि खोक्याला टेप लावली.

तुमचं म्हणणं मला कळत नव्हतं असं नाही. मेलेल्या माणसाचा शब्द तुमच्याकडे उरला होता, बाकी काहीच नाही. पण प्लास्टिकवर शिकलेला हात वेगळं काय शिकतो? त्या पोरांनी टपरीच्या पायरीवरचं रक्त पाहिलं होतं. चर्चच्या हॉलमध्ये पांढऱ्या साडीत बसलेल्या काकूसमोर ती ठो ठो करत पळाली असती, आणि आपण इथे बसून तिच्यासाठी प्रार्थना केली असती. नुसती प्रार्थना करून हात झटकता येतात, हे मला तेव्हाही पटलं नाही. देवाने हात कशाला दिलेत मग.

नाताळनंतर काकूचा फोन आला. ती रडतरडत इतकं मोठ्याने बोलत होती की मला दारात ऐकू येत होतं. "भाऊजी, यांनी पोरांना शब्द दिला होता. पोरं हिरमुसली. सांगितलेलं का नाही पाठवलं?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. एका नजरेत तुम्हाला सगळं कळलं. मग रिसीव्हरमध्ये म्हणालात, "मीच काढली ती. मला बरं नाही वाटलं." आयुष्यात खोटं न बोललेला माणूस. फोन ठेवलात आणि मला एवढंच म्हणालात, "जेवायला बस."

पप्पा, त्या एका वाक्यासाठी मी तुम्हाला जन्मभर मानलं. पण दुकानात पिस्तुलं तुम्ही विकतच राहिलात, अगदी शेवटच्या आजारापर्यंत, आणि त्यासाठी मी तुम्हाला माफ केलेलं नाही. मी केलं त्याची माफीही मागणार नाही. काकूची मागितली, तिने दिली. तुम्ही आज समोर असतात तरी मी तोच खोका तसाच भरला असता.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. तुम्ही स्वतःवर घेतलंत ते अकराचं, पण मी दहाच काढली होती. अकरावं नाव एका आठ वर्षांच्या मुलीचं होतं. तिच्या नावापुढे काकाने बारीक अक्षरात लिहिलं होतं, "ही आपल्या दुबईच्या पोरीसारखी हट्टी आहे, हिला नाही म्हणवत नाही." मलाही म्हणवलं नाही.